‘पास’ म्हणजे पावन नव्हे

स्पॅम फिल्टरमध्ये पाठवणाऱ्याची पडताळणी कशी लावली जाते, ते मी बऱ्याच कार्यालयांत पाहिलं आहे. सेटिंगचं पान उघडायचं, ‘सेंडर व्हेरिफिकेशन’खाली जेवढे चौकोन दिसतील तेवढ्यांवर टिकमार्क करायचा, स्क्रीनशॉट काढून ऑडिटच्या फायलीत लावायचा. आठवडाभरात कुठल्या तरी साहेबांचा मेल अडकतो, साहेब फोन करतात, आणि त्याच पानावर खाली ‘अपवाद’ नावाचा रकाना असल्याचा शोध लागतो. पुढे वर्षानुवर्षं त्या रकान्यात भर पडत राहते. ऑडिटच्या फायलीतला स्क्रीनशॉट मात्र पहिल्या दिवसाचाच.

याला मी फिल्टर म्हणत नाही. खोटा मेल आत घ्यायचा आणि खरा बाहेर उभा करायचा, असं उलटं काम करणाऱ्या यंत्रणेचं दरवर्षी नूतनीकरण होतं आणि व्हेंडर दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतो. तंत्राला नावं ठेवू नका, तंत्र बऱ्यापैकी धड आहे. ते लावणाऱ्याने आपण नेमकं काय तपासतोय हे एकदाही वाचलेलं नसतं.

मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. तेव्हाचं जाळं विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी प्रकल्प यांच्यापुरतं होतं, त्यामुळे पाठवणारा सांगेल ते नाव खरं मानायला कुणाची हरकत नव्हती. त्या व्यवस्थेत एका मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक सर्व्हर सर्व्हरला सांगतो, तो एन्व्हलपवरचा. दुसरा आपल्याला पडद्यावर दिसतो, तो ‘फ्रॉम’. दोन्ही ठिकाणी काय वाटेल ते लिहा, आणि दोन्ही जुळले पाहिजेत असंही बंधन नाही. आपलं सगळं पुढचं रामायण या दोन पत्त्यांमधल्या फटीतून घडलं आहे.

एसपीएफ पहिल्या पत्त्याची चौकशी करतं: या डोमेनच्या नावाने या आयपीवरून मेल पाठवायची मुभा आहे का? डीकेआयएम मेलवरची सही तपासतं. डीमार्क विचारतं की या दोन्हींपैकी निदान एक तरी पास झालं आहे का, आणि ज्या डोमेनसाठी पास झालं ते पडद्यावर दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी जुळतं का. जुळत नसेल तर काय करायचं, हे डोमेनच्या मालकाने आधीच डीएनएसमध्ये लिहून ठेवलेलं असतं: सोडा, बाजूला ठेवा किंवा परत पाठवा.

या तिन्ही प्रश्नांत मेल चांगला की वाईट, हा प्रश्न कुठे आला? कुठेच नाही. चोराकडेही आधार कार्ड असतं, आणि तेही अस्सल. तरीही ‘एसपीएफ पास’ दिसलं की मेलच्या स्पॅम-गुणांतून तीन-चार गुण वजा करणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्पॅमवाल्याने काल रात्री एक डोमेन घेतलं, डीएनएसमध्ये एसपीएफची एक ओळ टाकली, सहीची किल्ली टाकली. झाला तो सज्जन. ज्यांनी ही कामं वर्षानुवर्षं केली ते काय करतात बघा. स्पॅमअसॅसिन हा जुनाजाणता फिल्टर पाच गुणांवर मेलला स्पॅम ठरवतो. त्यात एसपीएफ पास झाल्याचं बक्षीस किती, तर एका गुणाचा हजारावा भाग. मेलवर डीकेआयएमची सही आहे म्हणून एक दशांश गुण वाढतो, आणि ती सही खरी निघाली म्हणून तेवढाच कमी होतो. म्हणजे जमाखर्च शून्य. हे त्यांनी गंमत म्हणून ठेवलेलं नाही.

एका संस्थेत (नाव सांगत नाही, पण पाटी मोठी आहे) लेखा विभागातल्या एका बाईंना कार्यकारी संचालकांच्या नावाने मेल आला. ‘जागेवर आहात का? मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, एक पेमेंट आजच सोडायचं आहे.’ त्यांनी तो फोनवर वाचला. फोनवरच्या मेलमध्ये नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. पत्ता बघायला नावावर बोट ठेवावं लागतं आणि घाईत कोण ठेवतं? सुदैवाने बाई खमक्या निघाल्या आणि फोन करू नका असं लिहिलेलं असल्यामुळेच त्यांनी फोन केला. नंतर मी त्या मेलचे हेडर उघडले. निकालांच्या ओळीत लिहिलं होतं: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. तिन्ही खरं होतं. मेल जीमेलच्या एका फुकट खात्यावरून आला होता आणि तो जीमेलनेच पाठवला होता, यात तसूभरही खोटं नव्हतं. खोटं फक्त नावाच्या जागी होतं, आणि ती जागा या तिघांपैकी कुणीच तपासत नाही. त्यासाठी फिल्टरमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो: आपल्या वरिष्ठांची नावं बाहेरच्या पत्त्यावर दिसली तर मेल अडवा, निदान वर लाल पट्टी तरी लावा. दहा मिनिटांचं काम. आयटी प्रमुखांनी मला विचारलं, ‘पण सर, आपला डीमार्क तर पास होता ना?’

मात्र यापेक्षा मोठा गुन्हा दुसराच आहे, आणि तो इतका सर्रास घडतो की त्याला कुणी गुन्हाही म्हणत नाही: स्वतःचंच डोमेन व्हाइटलिस्टमध्ये टाकणं. याचा उगम बहुतेक वेळा झेरॉक्स मशीन असतं. मजल्यावरचं मशीन कागद स्कॅन करून थेट मेलने पाठवतं. त्याला ना सही येते, ना त्याचा आयपी एसपीएफमध्ये असतो. त्याचे मेल अडकले, कुणीतरी वैतागलं, आणि यादीच्या अगदी वर नियम बसला: ‘फ्रॉम’मध्ये आपलं डोमेन असेल तर काहीही न तपासता सोडा. मशीन भंगारात गेलं, नियम राहिला. आता जगातल्या कुठल्याही भामट्याने तुमच्या कंपनीचं नाव ‘फ्रॉम’मध्ये लिहिलं की पायघड्या अंथरलेल्याच आहेत. जगात एकच डोमेन असं आहे की ज्याच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवतात याची पूर्ण यादी तुमच्याकडे असू शकते, ते म्हणजे तुमचं स्वतःचं. तिथे तुम्ही सगळ्यात कडक असायला हवं, आणि नेमके तिथेच तुम्ही डोळे मिटता! स्पॅमअसॅसिनमध्ये नुसत्या पत्त्यावर सूट देणारा एक पर्याय आहे आणि पत्ता खरा असल्याचं एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालं तरच सूट देणारा दुसरा. दोन्ही एकाच माहितीपानावर लिहिलेले आहेत. लोक पहिला घेतात, कारण तो वर आहे.

‘आम्ही लहान, आमच्याकडे माणसं नाहीत’ अशी सबब मला देऊ नका. मोठ्यांनीही दिवे लावलेलेच आहेत. २०२४च्या जुलैत गार्डिओ या सुरक्षा कंपनीने एक प्रकरण उघडकीला आणलं. डिस्ने, आयबीएम, नाइकी, कोका-कोला अशा कंपन्यांच्या नावाने रोज सरासरी ३० लाख बनावट मेल जात होते, आणि ते मेल एसपीएफ व डीकेआयएम दोन्ही पास होत होते. का? या कंपन्या आपले बाहेर जाणारे मेल प्रूफपॉइंट या मेल-सुरक्षा कंपनीच्या सर्व्हरमधून पाठवत. तिथल्या सेटिंगमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ कडून आलेला मेल घ्या’ एवढंच म्हटलेलं होतं. ३६५ मधल्या कुणाच्या खात्यातून, हे विचारलेलं नव्हतं. कुणीही उठावं, ३६५चं खातं काढावं, डिस्नेच्या नावाने मेल तिकडे ढकलावा, आणि प्रूफपॉइंटने त्यावर डिस्नेची खरी सही करून द्यावी. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच गार्डिओने दाखवलं होतं की नावाजलेल्या कंपन्यांची ८,००० हून अधिक डोमेन अशाच बनावट मेलसाठी वापरली जात होती. त्यातलं एमएसएनचं उदाहरण मला फार आवडतं. मार्था स्टुअर्ट यांच्या नावाच्या कुठल्याशा जुन्या स्पर्धेसाठी एक सबडोमेन काढलं होतं, ते दुसऱ्या एका डोमेनकडे बोट दाखवत होतं. स्पर्धा संपली, ते दुसरं डोमेन सोडून दिलं, बोट तसंच राहिलं. २०२२ मध्ये ते बेवारस डोमेन कुणीतरी विकत घेतलं आणि त्याबरोबर एमएसएनच्या नावाने मेल पाठवायचा परवानाही. फिल्टर बिचारा काय करणार? त्याने विचारलं, डीएनएसने हो म्हटलं.

आता आपल्याकडच्या आवडत्या मांडणीकडे येतो. पुढे एक स्पॅम गेटवे, मागे मायक्रोसॉफ्ट ३६५. दोन पहारेकरी ठेवले म्हणजे दुप्पट सुरक्षा, असा हिशेब. प्रत्यक्षात मागच्याला प्रत्येक मेल गेटवेच्याच आयपीवरून येताना दिसतो, आणि त्या आयपीला पाठवणाऱ्या डोमेनने मुभा दिलेली नसते. म्हणून मागे सगळ्यांचं एसपीएफ फेल. दोन दिवस गोंधळ होतो आणि मग कुणीतरी नियम लिहितो: गेटवेकडून आलेलं काहीही तपासू नका. कहर म्हणजे ३६५चा मूळ दरवाजा बाहेरच्यांसाठी उघडाच ठेवलेला असतो, त्यामुळे गेटवेला वळसा घालून थेट मागच्या दाराने मेल टाकता येतो. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. एसपीएफ बाहेरच्या सर्व्हरशी पहिली गाठ पडते त्याच ठिकाणी तपासायचं. मागच्याला सांगायचं की गेटवेचा आयपी सोडून त्याआधीचा बघ. ३६५ मध्ये कनेक्टरवर त्यासाठी सोय आहे, स्पॅमअसॅसिनमध्ये विश्वासू नेटवर्कांची यादी द्यायची असते. आणि गेटवेखेरीज कुणाकडूनही मेल घ्यायचा नाही. एवढं केलेलं कार्यालय दाखवा, मी चहा पाजतो.

दुसऱ्या टोकाला असतात ते शूर. त्यांना सगळंच तपासायचं असतं. त्यांचं लाडकं शस्त्र म्हणजे कॉलबॅक पडताळणी. मेल आला की यांचा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या सर्व्हरला जाऊन भेटतो, मेल द्यायला आल्याचं सोंग करतो, ‘हा पत्ता तुमच्याकडे आहे का?’ विचारतो आणि उत्तर मिळताच मेल न देता निघून जातो. पोस्टफिक्स आणि एक्झिम या मेल-सर्व्हरांमध्ये हे एकेका ओळीत चालू करता येतं, हेच दुर्दैव. विचार करा, एखाद्या स्पॅमवाल्याने तुमच्या गावच्या सोज्वळ महाविद्यालयाचा पत्ता वापरून लाखो लोकांना मेल पाठवले. त्या लाखोंपैकी जितक्यांनी हे शस्त्र परजलं आहे, तेवढे सगळे सर्व्हर त्या महाविद्यालयाच्या दाराशी ‘आहे का हो?’ करत येणार. मेल त्यांनी पाठवलाच नव्हता, तरी हल्ला त्यांच्यावर. आणि उत्तर मिळून कळतं काय? पत्ता अस्तित्वात आहे. भामटा तर अस्तित्वातलाच पत्ता चोरतो! कित्येक सर्व्हर कुठल्याही पत्त्याला होच म्हणतात, ते वेगळंच. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या माहितीपानात ताकीद दिलेली आहे की वारंवार असल्या चौकश्या केल्यात तर लोक तुम्हालाच काळ्या यादीत टाकतील. टाकतातही, असल्या सर्व्हरांसाठी वेगळी काळी यादी आहे. एका महाशयांनी मला अभिमानाने सांगितलं की हे चालू केल्यापासून स्पॅम निम्मा झाला. त्यांचे जाणारे मेलही कमी पोचत असणार, पण ते मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

याच शूरांचा दुसरा पराक्रम: सर्व्हर नमस्कार करताना जे नाव सांगतो ते आयपीच्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही की मेल परत. २००८च्या एसएमटीपी नियमात स्पष्ट लिहिलं आहे की ही तपासणी खुशाल करा, पण केवळ तिच्या जोरावर मेल नाकारू नका. आयपीला उलटं नावच नसेल तर संशय घ्यायला माझी हरकत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलही ते मागतो. पण नाव असून थोडं वेगळं आहे, म्हणून तालुक्याच्या शाळेचं पत्र परत पाठवायचं आणि सह्यांचा संच घेऊन आलेल्या भाड्याच्या स्पॅमवाल्याला गादीवर बसवायचं, याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आयपीचं नाव बदलून घ्यायचं तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करावा लागतो. तिथला पोरगा विचारतो, ‘राउटर बंद-चालू केलात का?’

एसपीएफबद्दलही हाच आततायीपणा. कुणाच्या रेकॉर्डच्या शेवटी ‘मायनस ऑल’ (यादीबाहेरच्या कुणालाही मुभा नाही) दिसलं आणि आयपी यादीत नसला, की मेलचा मजकूर यायच्या आधीच दार बंद. निवृत्त प्राध्यापक महाविद्यालयाच्या पत्त्यावर येणारे मेल जीमेलला फॉरवर्ड करतात. फॉरवर्ड करणाऱ्याचा आयपी मूळ डोमेनच्या यादीत असणं शक्यच नाही, म्हणून एसपीएफ फेल. मजकुराला हात लावलेला नसेल तर डीकेआयएमची सही मात्र शाबूत असते, आणि तेवढ्यावर डीमार्क पास होतो. पण सही बघायला मेल आत यायला हवा ना! म्हणून क्रम असा हवा: एसपीएफचा निकाल लिहून ठेवा, सही तपासा, मग डीमार्कवर निर्णय घ्या. डीमार्कचा दस्तऐवज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हाच त्यात या घाईचा धोका नोंदवलेला होता.

आणि डीमार्कने ‘परत पाठवा’ म्हटलं तर परत पाठवा. इथे मात्र सगळ्यांचे हात थरथरतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ तर कित्येक वर्षं मालकाने ‘रिजेक्ट’ लिहिलेलं असूनही मेल नाकारत नसे. हेडरमध्ये ‘ओ-रिजेक्ट’ असा शिक्का मारून तो जंकमध्ये टाकत असे. २०२३ मध्ये त्यांनी ही मेहेरबानी थांबवली. ‘रिजेक्ट’ने नुकसान होत नाही असं मी म्हणत नाही. याहूने एप्रिल २०१४ मध्ये एका रात्रीत ते लागू केलं तेव्हा जगभरच्या ईमेल-याद्या कोलमडल्या होत्या. पण तो पाठवणाऱ्याचा निर्णय होता आणि जोखीमही त्याची. मालक ओरडून सांगतोय की हा माझा नाही, आणि यजमान म्हणतो, असू दे, आत बसव.

स्वतःच्या डोमेनसाठी बहुतेकांचा बाणा याच्या उलट. डीमार्क ‘पी=नन’ वर, म्हणजे फक्त बघा. कुणी बघायचं? अहवाल झिप केलेल्या एक्सएमएल फायलींच्या रूपात एका मेलबॉक्सात येतात, आणि तो मेलबॉक्स भरून वाहतोय हेही कुणाला ठाऊक नसतं. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कार्यालयांना वर्षभरात ‘रिजेक्ट’वर जायला लावलं. आपल्याकडे ‘आधी निरीक्षण करू’ हा शब्दप्रयोग पंचवार्षिक योजनेसारखा चालतो. मे २०२४ मध्ये एफबीआयसह अमेरिकी यंत्रणांनी जाहीर केलं की उत्तर कोरियाचे हेर नेमक्या अशाच सैल डोमेनच्या नावाने पत्रकारांना आणि अभ्यासकांना मेल पाठवतात. आपण निरीक्षण करत असतो, ते वापर करत असतात.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन जाहीर केलं आणि पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे, म्हणजे कुणीही उठून असं डोमेन घेऊ शकत नाही. उत्तम निर्णय. महाराष्ट्रात तर नागरी सहकारी बँकांची रांग आहे. पण मला माझी माणसं माहीत आहेत. फिल्टरमध्ये नियम बसणारच: पत्त्याच्या शेवटी ‘बँक डॉट इन’ असेल तर न तपासता सोडा. डोमेन विकत मिळत नाही, पण ‘फ्रॉम’मध्ये लिहायला पैसे पडत नाहीत. आणि बँकेचं ते जुनं डोमेन, ज्यावरून आता मेल जाणार नाहीत? त्याच्या एसपीएफमध्ये नुसतं ‘मायनस ऑल’ आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ लिहून ठेवलं की त्याच्या नावाचा मेल तपासणाऱ्या प्रत्येक ठिकाणी परत जाईल. दोन ओळी. ज्यांनी हे न करता जुन्या डोमेनचं नूतनीकरणच थांबवलं असेल, त्यांनी वर एमएसएनची गोष्ट पुन्हा वाचावी.

अपवाद लागतात, हे मला मान्य आहे. कुणाची सही तुटते, कुणाच्या एसपीएफमध्ये वृत्तपत्रिकेपासून पगारपत्रकापर्यंत इतकी नावं कोंबलेली असतात की दहा डीएनएस चौकश्यांची मर्यादा ओलांडून सगळं रेकॉर्डच बाद होतं. अशा वेळी आधी पाठवणाऱ्याला फोन करावा. त्याला कळलेलंच नसतं, आणि दुरुस्ती त्याच्याकडे आहे. तरीही अपवाद लिहायचाच असेल तर पूर्ण पत्ता आणि ठरावीक आयपी किंवा सही यांच्या जोडीवर लिहावा, डोमेनवर नाही. त्याला मुदत घालावी. आणि शेजारच्या रकान्यात तो कुणी मागितला त्याचं नाव लिहावं. मी जिथे जिथे हा नावाचा रकाना सक्तीचा केला, तिथे पुढचा फोन असा आला आहे: ‘राहू दे, तेवढं काही अर्जंट नाही.’